ग्वाल्हेरच्या शाळांना खुलं पत्र: मुलांना जंगल दाखवा, त्याचा इतिहासही सांगा

प्रति,
ग्वाल्हेर शहरातील शाळांचे संचालक, मुख्याध्यापक आणि पालक समित्यांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

माझा नातू शहरातल्या एका खासगी शाळेत सहावीत शिकतो. या वर्षी त्याच्या वर्गाची सहल शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात जायची होती. गेल्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेचं पत्रक आलं, की ती सहल रद्द झाली असून मुलांना आता वॉटर पार्कला नेण्यात येईल. पत्रकात तीन कारणं दिली आहेत. जंगलात प्राणी दिसतीलच याची खात्री नाही, मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी घेता येत नाही, आणि या सहलीचा अभ्यासक्रमाशी थेट संबंध नाही. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी केली तेव्हा कळलं की इतर शाळांतही हेच चाललं आहे. कुठे सहल रद्द झाली, कुठे ती कधी ठरलीच नव्हती. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना लिहिते आहे, आणि गावातल्या सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी या शहरात आयुष्यभर इतिहास शिकवला. जंगलाशी आमच्या घराचा संबंध मात्र त्याहून जुना आहे. माझे आजोबा शिंदे सरकारच्या शिकारखान्यात कारकून होते. त्यांच्या हातच्या मोडीतल्या काही वह्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होत्या. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून मी त्या वाचून घेतल्या. त्यांत वाघाचं वर्णन कुठेही नाही. हाक्याला, म्हणजे रान उठवून जनावर शिकाऱ्याकडे हाकायला, कोणत्या गावातून किती माणसं आली, त्यांना फुटाणे आणि गूळ किती वाटला, आमिषाला बांधायचा टोणगा कोणाकडून घेतला, मचाणाचे बांबू कुठून आणले, अशा नोंदी आहेत. एका पानावर हाक्यातल्या एका माणसाच्या नावापुढे फक्त ‘अस्वल’ एवढा शब्द आहे आणि त्यापुढे ‘मजुरी घरी पोचती केली’. त्या माणसाबद्दल पुढे कुठेच काही नाही.

शिकारीच्या जुन्या छायाचित्रांत महाराज दिसतात, व्हाईसरॉय दिसतात, पायाशी आडवा पडलेला वाघ दिसतो. हाका घालणारे सहरिया आदिवासी क्वचितच दिसतात. मी वर्गात ते पान मुलांपुढे ठेवत असे, आणि त्यानंतर शिवपुरीची सहल काढत असे. त्या क्रमाने नेलेली मुलं जंगलात वेगळ्या नजरेनं बघतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आज त्याच जंगलाच्या दाराशी आपण मुलांना नेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या शहरातल्या मुलानं पाहिलेला पहिला वाघ कोणता असतो? शिंद्यांच्या जयविलास पॅलेसच्या संग्रहालयातला भुसा भरलेला, नाहीतर फुलबागेच्या प्राणी उद्यानातला गजाआडचा. आग्रा-मुंबई रस्त्यानं शिवपुरी सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. तेवढ्या अंतरावर खरं जंगल आहे आणि आता त्यात खरा वाघ आहे.

आता पत्रकातल्या कारणांकडे येते.

पहिलं कारण प्राणी दिसण्याच्या खात्रीचं. ही अट लावली तर कुठलंच जंगल कुठल्याच मुलाला दाखवता येणार नाही. तरीही मी विचारते, शिवपुरीला गेल्यावर काय नक्की दिसतं याची आपण कधी यादी केली आहे का? सख्यासागर दिसतो. १९१८ मध्ये मनियर नदीवर बांध घालून हा तलाव आणि माधवसागर तयार झाले. सख्यासागराला नाव महाराज माधवराव शिंदे यांच्या आई सख्याराजे यांचं. २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये त्याची नोंद झाली. त्याच्या काठावर मगरी दिसतात आणि त्या बघायला नशीब लागत नाही, हिवाळ्यातलं ऊन लागतं.

एकदा सातवीच्या मुलांना घेऊन मी तिथे उभी होते. समोरच्या खडकावर मगर जबडा उघडून पडलेली. एका मुलानं ठामपणे सांगितलं की ही सिमेंटची आहे, बागेत असते तशी. दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. बरोबरचे वनरक्षक हळू आवाजात म्हणाले, अंग तापलं की ती असा जबडा उघडा ठेवते, त्यातून उष्णता बाहेर पडते. मुलं बराच वेळ टक लावून बघत राहिली. शेवटी एक बगळा अगदी जवळून चालत गेला आणि मगर पाण्यात सरकली. इतकं मोठं जनावर, पण पाण्याचा आवाज झाला नाही. मागे उभ्या असलेल्या मुलीनं माझा पदर घट्ट धरला होता. त्या दिवशी आम्हाला वाघ दिसला नाही, तेव्हा तिथे वाघ नव्हताच. पण परतताना बसमध्ये कोणीही तक्रार केली नाही.

आणि इतिहास! या एका परिसरात तो किती साठलेला आहे. अकबर १५६४ मध्ये मांडूहून परतताना नरवरजवळच्या या जंगलात थांबला होता, आणि त्यानं इथे रानहत्तींचे कळप पकडले. आज इथे रानहत्ती नाहीत. ते का गेले, हा प्रश्न सहावीतलं मूल आपणहून विचारतं. पुढे १८५९. तात्या टोपे पाडौनच्या जंगलात पकडले गेले आणि १८ एप्रिलला शिवपुरीत, तेव्हाच्या सिप्रीत, त्यांना फाशी दिली गेली. आपण मराठी माणसं तात्यांच्या नावानं भाषणं ठेवतो, पण ज्या रानानं त्यांना आसरा दिला ते रान आपल्या मुलांनी पाहिलेलं नसतं. १८९९ मध्ये ग्वाल्हेरहून शिवपुरीला छोटी रेल्वे गेली, शिवपुरी शिंद्यांची उन्हाळी राजधानी झाली आणि भोवतालचं रान शिकारीसाठी राखलं गेलं. उद्यानातल्या सर्वांत उंच जागी जॉर्ज कॅसल उभा आहे. १९११ मध्ये इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज शिकारीला येणार म्हणून तो बांधला. राजा तिथे मुक्कामाला राहिलाच नाही असं शिवपुरीत सांगतात. त्या गच्चीवर उभं राहिलं की खाली तलाव, पलीकडे करधई आणि खैराचं वाळकं रान, आणि दूरवर शहर असं एका नजरेत येतं. शिकारीसाठी राखलेलं रान पुढे प्राण्यांसाठी राखीव कसं झालं, हे समजावून द्यायला मला याहून चांगला वर्ग सापडलेला नाही.

कारण ती गोष्ट गुंतागुंतीची आहे. महाराजांना शिकार हवी होती म्हणून गावकऱ्यांच्या कुऱ्हाडीवर बंदी आली. त्याच बंदीमुळे झाडं वाचली. झाडं वाचली म्हणून स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, तिथे राष्ट्रीय उद्यान करता आलं. पण तोवर बंदुकांनी वाघ इतके कमी केले होते की उद्यान उरलं आणि वाघ संपले. कित्येक वर्षं हे रान वाघाविना होतं. २०२३ मध्ये दुसऱ्या जंगलांतून वाघ आणून इथे सोडले, आणि मार्च २०२५ मध्ये माधव हा देशातला ५८ वा आणि मध्य प्रदेशातला ९ वा व्याघ्र प्रकल्प झाला. आजोबांच्या वहीतल्या हाक्यापासून इथपर्यंतचा हा प्रवास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. त्यात राजा आहे, इंग्रज आहे, सहरिया आहे, सरकार आहे. चांगलंही आहे आणि वाईटही. मुलांना हे सगळं झेपतं. त्यांच्यापुढे ठेवलं जात नाही, एवढंच.

तिसरं कारण अभ्यासक्रमाचं, ते आधी घेते. इतिहासाची शिक्षिका म्हणून या वाक्यानं मला सर्वांत जास्त दुखावलं. एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासात वन्य समाज आणि वसाहतवाद यांवर अख्खं प्रकरण आहे आणि ते आपल्याच शाळांत वर्षानुवर्षं शिकवलं गेलं आहे. रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरांसाठी झालेली झाडतोड, १८६४ मध्ये सुरू झालेलं वनखातं, १८७८ च्या कायद्यानं राखीव झालेली जंगलं, हे सारं त्यात आहे. १८७५ ते १९२५ या काळात ८०,००० हून अधिक वाघ इनामासाठी मारले गेले, हेही त्याच प्रकरणात छापलं आहे. मुलं तो आकडा पाठ करतात आणि पेपरात लिहितात. तो आकडा कुठल्या रानात घडला हे दाखवायला आपल्याला सव्वाशे किलोमीटर जायचं आहे, आणि आपण म्हणतो संबंध नाही! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचवली आहे. त्यातला एक दिवस जंगलाला द्या, एवढंच म्हणणं आहे.

राहिलेल्या दुसऱ्या कारणाबद्दल, सुरक्षेबद्दल, थोडक्यात लिहिते. उद्यानात मुलं मोकळी सोडली जात नाहीत. ठरलेल्या वाटेवर, परवानगीच्या गाडीतून, गाईडबरोबर जायचं असतं. पायी जायचं ते वनकर्मचारी सांगतील तिथेच. पाण्यात उतरायला मनाई असते. आपल्या राज्याचं वनखातं आणि इको-पर्यटन मंडळ ‘अनुभूती’ या नावानं सरकारी शाळांतल्या मुलांना एकेक दिवस जंगलात नेतात, त्यांची शिबिरं घेतात. सरकारी शाळेतली मुलं सुखरूप जाऊन येतात. मग भरभक्कम फी घेणाऱ्या शाळांना ते का जमू नये? शिक्षक कमी पडत असतील तर पालकांना हाक मारा. मी स्वतः येईन.

आता पत्रकात नसलेल्या पण मला जास्त सलणाऱ्या गोष्टी.

ज्या शाळा मुलांना नेतात, त्या कशा नेतात? पहाटे बस निघते, वाटेत स्पीकरवर गाणी लागतात, उद्यानात तासाभराची फेरी होते. बहुतेक मुलं गाईडला एकच प्रश्न विचारत राहतात, वाघ कुठे आहे? बाकी सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून निघून जातं. चितळांचा कळप, जमिनीवर उमटलेले पावलांचे ठसे, सांबराचा इशारा, झाडाच्या खोडावर अस्वलानं केलेले ओरखडे. तलावाकाठी जेवण, वेफर्सची पाकिटं, ग्रुप फोटो आणि परत. त्यांना आधी कोणी काही सांगितलेलं नसतं, नंतर कोणी काही विचारत नाही. अशी सहल न्या असं माझं म्हणणं नाही. उलट अशा सहलींमुळेच ‘प्राणी दिसले नाहीत’ ही तक्रार तयार होते आणि पुढच्या वर्षी वॉटर पार्क ठरतो.

श्योपूर जिल्ह्यातल्या कुनोच्या जंगलाबद्दल तर आपल्या शाळांतलं मौन मला कळतच नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आले तेव्हा शाळाशाळांत चित्त्याचे मुखवटे घालून नाच झाले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. मुलांना आलेल्या चित्त्यांची नावं पाठ होती. काही चित्ते दगावले, काही माद्यांना पिल्लं झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात एक मादी फिरत फिरत आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यात आली, आणि इथल्या मुलांना ते टीव्हीवरून कळलं. पण कुनो हे नाव चित्त्यांच्या आधीपासून आपल्या दाराशी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माधवरावांनी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूरकडच्या रानात सोडले होते. त्यांच्यासाठी बांधलेली उंच भिंतींची आवारं डोबकुंडाजवळ आहेत. ते सिंह गुरांवर आणि माणसांवर येऊ लागले आणि टिकले नाहीत. १९८१ मध्ये कुनो अभयारण्य झालं. मग गीरचे सिंह इथे आणायचे ठरलं, आणि त्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २४ गावं उठवली गेली. दीड हजारांहून अधिक कुटुंबं, त्यांतली बहुतेक सहरियांची, जंगलाबाहेर गेली. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये सिंह हलवण्याचा आदेश दिला. सिंह आले नाहीत. २०१८ मध्ये कुनो राष्ट्रीय उद्यान झालं आणि चार वर्षांनी तिथे चित्ते आले.

यातली सिंहांची आणि उठवलेल्या गावांची गोष्ट मी एकदा आठवीच्या वर्गात सांगितली होती, चित्ते यायच्या आधी. शेवटच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, सिंह आलेच नाहीत, तर मग त्या लोकांना परत का नाही जाऊ दिलं?” मी तिला कायदा समजावून सांगितला. अभयारण्यात काही हक्क राहू शकतात, राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही, वस्ती राहत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काय म्हणतो, रिकाम्या झालेल्या गावांच्या जमिनीवर गवत वाढलं आणि तेच पुढे हरणांच्या कामी आलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण त्यांना कोणी हे असं समजावून सांगितलं का?” तिचा प्रश्न आजही बिनउत्तराचा आहे आणि तो प्रत्येक शाळेत विचारला जावा असं मला वाटतं. वन्यजीव वाचले पाहिजेत याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. त्यासाठी कोणी काय सोसलं हे मात्र मुलांना ठाऊक असावं. नुसता मुखवटा घालून नाचलेल्या मुलाला यातलं काही ठाऊक नसतं.

करेऱ्याची गोष्ट त्याहून विसरलेली आहे. शिवपुरी जिल्ह्यातच, १९८१ मध्ये, सोनचिरैयासाठी म्हणजे आपल्या माळढोकसाठी तिथे अभयारण्य झालं. सोलापूरकडच्या माळढोकबद्दल आपल्या नातेवाइकांकडून मुलं ऐकतात, पण तो पक्षी एकेकाळी आपल्या शेजारी होता हे त्यांना माहीत नाही. करेऱ्यात अभयारण्य शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींवर आलं, जमिनीचे व्यवहार अडले, काळवीट वाढून पिकांचं नुकसान होऊ लागलं, लोकांचा राग साठत गेला आणि १९९० च्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. त्यानंतरही कितीतरी वर्षं पक्ष्याविना अभयारण्य कागदावर राहिलं. संरक्षण कुठे चुकतं हे शिकायला यासारखं दुसरं उदाहरण जवळपास नाही.

आणि चंबळ? मुरैन्याजवळ देवरीला घडियालांचं, म्हणजे सुसरींचं, केंद्र आहे, ग्वाल्हेरहून तासाभराच्या वाटेवर. चंबळच्या वाळूतून घडियालांची अंडी आणून तिथे उबवतात, पिल्लं सव्वा मीटरच्या आसपास होईपर्यंत वाढवतात आणि मग नदीत सोडतात. शिवपुरीला जायला पूर्ण दिवस लागतो अशी अडचण असेल तर निदान पाचवीच्या मुलांना देवरीला न्या. हातभर लांबीच्या, सुईसारख्या दातांच्या त्या पिल्लांकडे मुलं कशी बघतात ते एकदा स्वतः पाहा. दुपारच्या जेवणाला शाळेत परत येता येईल.

पालकांनाही दोन शब्द. आपण मराठी घरांतली माणसं उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना पुण्याला नेतो, रायगड-प्रतापगड दाखवतो, पोवाडे पाठ करून घेतो. मी स्वतः नातवाला रायगडावर घेऊन गेले आहे आणि पुन्हा नेईन. पण ज्या गावात आपल्या पिढ्या वाढल्या, ज्या संस्थानात आपल्या पूर्वजांनी चाकरी केली, तिथला इतिहास किल्ल्याच्या आणि महाराज बाडा या चौकाच्या पुढे जात नाही. शिंद्यांच्या राज्याचा मोठा भाग जंगल होता. तो आपल्या आठवणींतून गळून पडला आहे. शाळेनं जंगल रद्द करून वॉटर पार्क ठरवला तेव्हा आमच्या ग्रुपवर पन्नासेक अंगठे आले आणि एकानंही विचारलं नाही की का. मुलांना पाण्यात खेळायला आवडतं हे मला मान्य आहे. त्यांना तिथेही न्या, एखाद्या रविवारी, आपण आपले. शाळेनं मात्र शाळेचं काम करावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतली एकही नव्या पैशाची नाही.

पाचवी ते आठवी या चार वर्षांत प्रत्येक मुलाला एकदा तरी माधव, कुनो किंवा चंबळ यांपैकी एका ठिकाणी नेलं जावं, आणि ते शाळेच्या वर्षाच्या वेळापत्रकात आधीपासून लिहिलेलं असावं. पावसाचे तीन महिने उद्यानाचा आतला, गाभ्याचा (कोअर) भाग बंद असतो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा.

जाण्याआधी इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून निदान दोन तास घ्यावेत. त्यात राष्ट्रीय उद्यान ही कल्पना कुठून आली ते यावं: १८७२ चं अमेरिकेतलं यलोस्टोन, १९३६ मध्ये झालेलं आपल्या देशातलं पहिलं हेली उद्यान, म्हणजे आजचं कॉर्बेट. १९५५ चं ताडोबा आणि कान्हा. त्या वेळी ही दोन्ही मध्य प्रदेशातच होती, हे ऐकून मुलांना नेहमी आश्चर्य वाटतं. १९७२ चा कायदा आणि १ एप्रिल १९७३ ला सुरू झालेला व्याघ्र प्रकल्पही यावा. आणि मग आपलं शिवपुरी, त्यातल्या हाका घालणाऱ्या माणसांसकट.

जंगलात गेल्यावर मुलांना निदान थोडा वेळ गाडीतून उतरवून, परवानगी असेल तिथे, वनरक्षकाबरोबर पायी चालवावं. जमलं तर गावातल्या एखाद्या सहरिया ज्येष्ठाला बोलवावं आणि त्यांना मानधन द्यावं. कोणत्या झाडाचा डिंक काढतात, तेंदूपत्ता कधी तोडतात, उन्हाळ्यात पाणी कुठे राहतं, हे त्यांच्याकडून ऐकलेलं मूल विसरत नाही. बसमधली गाणी उद्यानाच्या अलीकडे बंद व्हावीत. डबा घरचा, स्टीलचा.

फी भरता येत नाही म्हणून कोणतंही मूल मागे राहू नये. शाळेचा सहलीचा खर्च वॉटर पार्कच्या तिकिटांवर जाणारच होता, त्यातूनच हे भागेल. बसमध्ये जागा उरली तर जवळच्या सरकारी शाळेतली मुलं बरोबर घ्यावीत.

परत आल्यावर मुलांनी लिहावं. ‘माझी सहल’ हा निबंध मला नको आहे. प्रत्येकानं एक प्रश्न लिहावा, जो त्याला तिथे पडला आणि ज्याचं उत्तर मिळालं नाही. ते प्रश्न शाळेनं उद्यानाच्या अधिकाऱ्यांना पाठवावेत. माझ्या अनुभवात वनखात्यातली माणसं अशा पत्रांना उत्तर देतात, कधी उशिरा देतात, पण देतात.

माझ्या नातवाच्या शाळेला वेगळं सांगणं एवढंच: वॉटर पार्कचं पत्रक मागे घ्यावं आणि शिवपुरीची तारीख नव्यानं ठरवावी. बुकिंगचे पैसे अडकले असतील तर पालक म्हणून आम्ही काही जण ते आपसांत भरून द्यायला तयार आहोत, तसं मी बोलून ठेवलं आहे. आजोबांच्या वह्यांची पानं स्कॅन करून ठेवली आहेत. ज्या शाळेला वर्गात दाखवायची असतील तिनं मागावीत, मी ती घेऊन येईन आणि वाचून दाखवीन.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडतील त्या आठवड्यात आपलं उत्तर अपेक्षित आहे. ते मला एकटीला पाठवू नये. पत्रक जिथे आलं त्याच ग्रुपवर आणि शाळेच्या सूचना फलकावर लावावं, म्हणजे मुलांनाही वाचता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर